रुग्णालयातील संवेदनशील सर्व्हरचे विलगीकरण

रुग्णालयात अनेक विभाग, वैद्यकीय उपकरणे आणि पाहुण्यांचे मोबाइल एकाच संगणक-जाळ्यावर असतात. अशा ठिकाणी रुग्णांच्या नोंदी, प्रयोगशाळेचे अहवाल किंवा क्ष-किरण प्रतिमा साठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत केवळ ठरावीक यंत्रांना, ठरावीक कामापुरतेच पोहोचता येईल अशी जी व्यवस्था करतात, तिला सर्व्हरचे विलगीकरण म्हणतात. सर्व्हर जाळ्यापासून तोडून टाकणे यात अभिप्रेत नसते. अतिदक्षता विभागात अहवाल वेळेवर उघडला नाही, तर ती सुरक्षितता रुग्णाच्याच जिवावर बेतू शकते.

विभागणी नसलेल्या जाळ्यात स्वागतकक्षातील संगणकही सर्व्हरशी थेट संपर्क साधू शकतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रणालीने (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने) विंडोजच्या फाइल-शेअरिंग सेवेतील (पोर्ट, म्हणजे सेवेचा प्रवेश-क्रमांक, ४४५) त्रुटीचा फायदा घेतला आणि इंग्लंडमधील २३६ पैकी किमान ८० एनएचएस ट्रस्टना (सरकारी आरोग्यसेवेच्या संस्थांना) तिचा फटका बसला. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरील पॅच (दुरुस्तीचे अपडेट) मार्चमध्येच दिला होता. मात्र वैद्यकीय उपकरणाला जोडलेल्या संगणकावर पॅच लावण्यापूर्वी अनेकदा उत्पादकाच्या मान्यतेची वाट पाहावी लागते, आणि या मधल्या काळात विलगीकरणाचाच मोठा आधार असतो.

नव्या तारा न ओढता जाळ्याचे भाग पाडण्यासाठी स्विचवर (यंत्रे जाळ्याला जोडणाऱ्या उपकरणावर) व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्यातील आभासी उपजाळी, तयार करतात. आयट्रिपलई ८०२.१क्यू या मानकानुसार प्रत्येक व्हीलॅनला १२ बिटांचा क्रमांक मिळतो आणि त्यातले ४०९४ क्रमांक वापरता येतात. परंतु राउटर (जाळ्यांना एकमेकांशी जोडणारे उपकरण) दोन व्हीलॅनमधील वाहतूक बिनदिक्कत पुढे पाठवत असेल, तर ही विभागणी जवळजवळ कागदावरच राहते. खरे संरक्षण मधल्या फायरवॉलच्या (नियमांनुसार वाहतूक अडवणाऱ्या किंवा सोडणाऱ्या यंत्रणेच्या) नियमांत असते: जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही, ते सर्व बंद. प्रतिमांच्या सर्व्हरसाठी सीटी स्कॅन यंत्राच्या पत्त्यावरून डायकॉमच्या (वैद्यकीय प्रतिमा पाठवण्याच्या मानकाच्या) पोर्टवर (सहसा १०४ किंवा ११११२) येणारी जोडणी चालू ठेवतात. त्याच यंत्राला सर्व्हरच्या फाइल-शेअरिंगची किंवा रिमोट डेस्कटॉपची काहीच गरज नसते.

हे नियम अंदाजाने लिहू नयेत. आधी काही आठवडे प्रत्यक्ष वाहतुकीची नोंद ठेवून कोण कोणाशी बोलते ते पाहावे, आणि त्यात महिनाअखेर जरूर यावी, कारण बिलांचे काही व्यवहार तेव्हाच होतात. सर्व्हरवरून बाहेर जाणारी वाहतूक बहुतेक ठिकाणी मोकळीच सोडलेली असते, आणि हे धोक्याचे आहे: शिरकाव झाल्यावर माहिती त्याच वाटेने बाहेर जाते.

पुढचा दरवाजा बंद करताना मागचे दरवाजे विसरले जातात. सर्व्हर दुरून चालू-बंद करण्याची व्यवस्थापन-जोडणी, उपकरण-पुरवठादाराला दिलेला दूरस्थ प्रवेश आणि आयपीव्ही४चे (जाळ्यावरील पत्त्यांच्या जुन्या पद्धतीचे) नियम लिहिताना राहून गेलेले आयपीव्ही६ (नवी पद्धत) यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. बॅकअप यंत्रणेने सर्व्हरकडून माहिती ओढून घ्यावी. सर्व्हरला मात्र बॅकअप पुसण्याचा अधिकार नसावा.

एकाच व्हीलॅनमधील सर्व्हर एकमेकांशी बोलताना मधल्या फायरवॉलमधून जात नाहीत, म्हणून प्रत्येक सर्व्हरवरचा स्वतःचा फायरवॉलही चालू ठेवतात. परवानगी असलेल्या संगणकावरून चोरलेल्या पासवर्डने कोणी आत आला, तर यातले काहीच त्याला अडवत नाही. तिथे दुहेरी ओळखपडताळणी आणि प्रवेशनोंदींवरील लक्ष उपयोगी पडते.