मेकॅनिकल इंजिन आहे, काहीपण डिझेल टाका?

"छोटा ट्रॅक्टर घ्यायचा तर साधं मेकॅनिकल डिझेल इंजिनच घ्या, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, कसलंही डिझेल टाका, बिघडतच नाही" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

यातलं अर्धं खरंच आहे. वायरिंगची भानगड कमी आणि साध्या पान्यांवर बरंच काम निघतं, त्यामुळे लोकांचा विश्वास बसणं साहजिक आहे. पण डिझेलच्या बाबतीत हे इंजिन फार नाजूक. इंजेक्शन पंपात (इंजिनात दाबानं डिझेल सोडणारा पंप) प्लंजर म्हणजे आत सरकणारा दांडा आणि बॅरल म्हणजे त्याची नळी, यांच्यातली फट असते जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी, आणि तिथं वंगण म्हणून काम करतं ते डिझेलच, मग त्यात पाणी किंवा बारीक कचरा आला की प्लंजर घासतो, प्रेशर पडतं आणि गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं. आणि पंप उघडायचा तर घरचा पाना कामाचा नाही, टेस्ट बेंचवालाच (पंप तपासायचं मशीन असलेला मेकॅनिक) गाठावा लागतो.

बघायचं कसं? फिल्टरच्या ड्रेनमधून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. जुना घेताय तर इंजिन गार असतानाच स्टार्ट करून बघा (आधीच चालवून ठेवलं असेल तर हात लावला की कळतं), आणि गरम झाल्यावर परत एकदा. आणि इंजिन बंद कसं होतं तेही बघा, नॉब ओढून की चावीनं? चावीनं होत असेल तर पंपावर बहुतेक सोलेनॉइड (करंटवर डिझेल चालू-बंद करणारा भाग) असतो, मग करंट तुटला की 'मेकॅनिकल' इंजिनसुद्धा जागेवर बंद पडू शकतं.