लॉन मोअरच्या झिजलेल्या इंजिनाची घरगुती दुरुस्ती

हिरवळ कापणाऱ्या यंत्राचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलेले इंजिन उघडून त्याचे व्हॉल्व्ह, रिंगा व गॅस्केट घरच्या घरी ठीक करण्याचे काम. येथील मापे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकी कंपनीच्या ३.५ अश्वशक्तीच्या (१४८ घनसेंमी), उभ्या शाफ्टच्या साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेल्या) इंजिनाची आहेत. कोकणात गवत काढायला वापरतात त्या टू-स्ट्रोक ग्रासकटरला असे व्हॉल्व्ह नसतात; त्याला ही पद्धत लागू नाही.

गार असताना सुरू होणारे इंजिन तापून बंद पडले की दोरी कितीही ओढली तरी पकडत नाही. ही तक्रार पिस्टनच्या रिंगांच्या माथी मारली जाते, पण दोष बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा असतो. सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) झिजली की व्हॉल्व्ह खोल बसतो आणि त्याच्या दांडीचे टोक टॅपेटला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या खुंटीला) भिडते. मग दांडी तापून लांबली की तोंड पुरते मिटत नाही. निळा धूर मात्र रिंगांकडे बोट दाखवतो. आधी ऑइल जास्त भरले नाही ना आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी झडप) तुंबला नाही ना, हे पाहावे. पाते दगडावर आदळल्यानंतर जोर गेला असेल, तर फ्लायव्हीलला (शाफ्टवरच्या जड चाकाला) जागी धरणारी मऊ चावी सरकली आहे का तेवढे बघावे. उगाच हेड (सिलिंडरचे झाकण) खोलू नये.

काम सुरू करण्यापूर्वी प्लगची वायर काढून दूर बांधावी, पेट्रोल व ऑइल उपसावे. फ्लायव्हील हाताने उलट फिरवल्यावर झटक्याने मागे आले, तर कॉम्प्रेशन ठीक. दाब मोजणाऱ्या गेजवर विसंबू नये, कारण दोरी हलकी जावी म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅममध्येच दाब सोडण्याची सोय असते.

हेडचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. कोणता कुठला ते पुठ्ठ्यावर भोके पाडून त्यात खोचून ठेवावे. लांब बोल्टाच्या जागी आखूड बसवला, तर ॲल्युमिनियममधले आटे उपटून येतात. कार्बन लाकडी पट्टीने खरवडावा. व्हॉल्व्ह लॅपिंग पेस्टने (घासण्याच्या खरखरीत लेपाने) सीटवर घासून करडी, सलग कडा आणावी आणि पेस्टचा कण न् कण धुवावा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकावरून पुढे ६ मिमी खाली आणून गार इंजिनात दांडी व टॅपेटमधली फट मोजावी : इनटेकला सुमारे ०.१५ मिमी, एक्झॉस्टला ०.२५ मिमीच्या आसपास. फट कमी भरली तर दांडीचे टोक काटकोनात, थोडे थोडे घासावे. जास्त घासले गेले तर ते परत भरून येत नाही.

रिंगांसाठी खालची सम्प (ऑइल साठते ते तळाचे झाकण) काढावी लागते. त्याआधी शाफ्टवरचा गंज पॉलिश पेपरने उतरवावा, नाहीतर सील व बेअरिंग ओरखडते. रिंग सिलिंडरमध्ये २५ मिमी आत सरळ बसवून तोंडाची फट पाहावी. कॉम्प्रेशन रिंगेची ०.९ मिमीहून जास्त असेल तर ती टाकून द्यावी. जोडताना क्रँक (मुख्य शाफ्ट) व कॅम गिअरवरच्या खुणा समोरासमोर याव्यात. हेडचे बोल्ट आलटून-पालटून, टप्प्याटप्प्याने सुमारे १६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. एसएई ३० ऑइल अंदाजे ६०० मिली लागते. पहिल्या पाच तासांनंतर ते बदलावे.