केकमधले लाल ठिपके

पुण्यात शिकत असताना आम्ही तिघी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. एक शेगडी, पाच लिटरचा कुकर आणि डब्यांत रवा, साखर, तेल, दही, खायचा सोडा. अंडी आणायला घरमालकांची मनाई. वाढदिवसाचा केक व्हायचा तो यातूनच.

कुकरचा ओव्हन करताना शिट्टी आणि झाकणाची रबरी रिंग काढून ठेवायची, तळाला दोन वाट्या मीठ पसरायचं, त्यावर जाळी आणि जाळीवर केकचं भांडं. पाणी अजिबात घालायचं नाही. शिट्टी लावून वाफ कोंडली, तरी आतलं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपासच थांबतं, आणि केकची कड छान तांबूस व्हायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. मिठामुळे आच भांड्याच्या बुडाला थेट लागत नाही.

एकदा ऐनवेळी दही संपलेलं निघालं, म्हणून दूध घातलं. रंगासाठी चिमूटभर हळद नेहमीसारखीच. केक फुगला, पण बेताचाच. वरून नेहमीपेक्षा काळपट झाला आणि कापला तर आत जागोजागी लाल ठिपके! चवही साबणासारखी.

सोड्याला आंबट काही मिळालं, तर त्यातला सगळा कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाव चमचा, म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम सोड्यातून जवळपास साडेतीनशे मिलिलिटर वायू निघतो. रवा फुगून घट्ट होईपर्यंत हेच बुडबुडे त्यात अडकतात आणि जाळी पडते. दुधात आंबटपणा नसल्यासारखाच. मग सोडा नुसत्या उष्णतेने फुटतो, वायू निम्माच देतो आणि मागे उरतो तो धुण्याचा सोडा. साबणाची चव त्याचीच. अशा अल्कधर्मी मिश्रणात केक लवकर काळपटतो आणि हळद लाल होते. सोड्याची गुठळी राहिली होती तिथे तिथे ठिपके उमटले होते. ढोकळ्यावर कधी कधी दिसणारे लाल डागही याच कारणाने पडतात.

मला या हळदीचं फार अप्रूप वाटलं. प्रयोगशाळेत लिटमस कागद जे काम करतो, ते ती केकच्या आत बसून करत होती.

मग हिशेब मांडला. वाटीभर आंबट दह्याला पाव चमचा सोडा पुरतो, आणि आम्ही सवयीने अर्धा चमचा घालत होतो. दही नसेल तर पाव चमचा सोड्याला एका रसाळ लिंबाचा रस लागतो. रवा आधी वीस मिनिटं भिजू द्यायचा. सोडा चाळून, अगदी शेवटी घालायचा आणि भांडं लगेच गरम कुकरमध्ये ठेवायचं, कारण वायू घातल्या क्षणापासून निसटायला लागतो.

पुढचा केक दूध, एक लिंबू आणि पाव चमचा सोडा घालून केला. सुरी मधोमध फिरवली, तर हळद या कडेपासून त्या कडेपर्यंत पिवळीच होती.