खाडी

नदी समुद्राला मिळते तिथून भरतीचे पाणी जिथवर आत चढते, तेवढ्या नदीला मराठीत खाडी म्हणतात. कोकणात नदीला डोंगराकडे एक नाव आणि मुखाशी बंदराचे दुसरे, अशी रीत आहे. सावित्री खाली बाणकोटची खाडी होते, वाशिष्ठी दाभोळची, शास्त्री जयगडची, काजळी भाट्याची. ठाण्याची खाडी मात्र या व्याख्येत नीट बसत नाही. तिच्यात मोठी नदी उतरत नाही. ती आत शिरलेला समुद्राचा फाटा आहे आणि उत्तरेला एका अरुंद वाटेने उल्हास नदीच्या मुखाला जोडलेली आहे. हिंदीत ‘खाडी’ हा शब्द उपसागरासाठीही वापरतात. त्यावरून मराठी बातम्यांत ‘बंगालची खाडी’ आणि ‘खाडी देश’ शिरले आहेत. आपले शब्द उपसागर आणि आखात.

शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. बर्फ वितळले, समुद्र वर आला आणि दऱ्यांची तोंडे बुडाली. कोकणातल्या अनेक खाड्या डोंगरांमधून वळणे घेत कित्येक किलोमीटर आत जातात, त्या यामुळेच.

खाडीच्या पाण्याला पाठ्यपुस्तके निमखारे म्हणतात, लोक मचूळ म्हणतात. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीच्या पाण्यात सहसा अर्धा ग्रॅमही नसतो. त्यामुळे समुद्राचे पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅमने जड भरते. हा फरक दिसायला किरकोळ, पण खाडीचे निम्मे वागणे त्यावर चालते. अर्ध्या पेल्यात दोन चमचे मीठ विरघळवून शाईचा थेंब टाकावा आणि चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूहळू सोडावे. वर नितळ आणि खाली निळा, असे दोन थर बराच वेळ टिकतात. पावसाळ्यात नदी जोरात असते तेव्हा खाडीत हेच होते. गोडे पाणी वरून समुद्राकडे धावते आणि खारे पाणी पाचरीसारखे तळातून आत घुसते. उन्हाळ्यात नदी आटली की भरती-ओहोटी पाणी तळापर्यंत घुसळून काढते आणि थर उरत नाहीत. गोव्यात मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्यांमध्ये असा बदल दर वर्षी होतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) त्याचा बारकाईने अभ्यास केला आहे.

खाडीतला गुडघाभर चिखलही मिठाचीच करणी आहे. नदीच्या पाण्यातल्या मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. ते एकमेकांना लांब ढकलतात आणि तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातले धन आयन हा भार झाकतात, मग कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि तळाशी बसतात. डोंगरातून आलेली माती अशी नेमकी गोडे आणि खारे पाणी भेटते तिथे साठते. जुनी खाडीबंदरे गाळाने भरली, त्यात या गुठळ्यांचाही वाटा होता.

भरती दिवसातून दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. तोंडी हिशेब असा की तिथीची पाऊणपट करावी, तीच भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईच्या आसपास हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. खाडीत आत गेले की भरती उशिरा पोहोचते आणि तेवढी वाढ धरावी लागते. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती म्हणजे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती म्हणजे भांग. उधाणाला मुंबईत पाणी ५ मीटरच्या आसपास चढते-उतरते, गोव्यात २ मीटरच्या आसपास.

यामुळे खाडीच्या पाण्याची परीक्षा नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यासारखी करता येत नाही. एकाच धक्क्यावरून, घड्याळात दुपारचे बारा वाजता, दोन नमुने घेतले असे समजू. पहिला वैशाखातल्या अमावस्येचा: भरती पूर्ण आहे, बाटलीत जवळजवळ समुद्रच येतो. दुसरा श्रावणातल्या अष्टमीचा: सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी आहे, बाटलीत गढूळ नदी येते. वर गावांचे सांडपाणी येत असेल, तर तेही याच नमुन्यात अधिक सापडते. महिना, तिथी आणि वेळ न लिहिलेला खाडीचा अहवाल वाचून काहीही कळत नाही.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे गुणवत्तेचे सर्वांत उपयोगी माप. २५ अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. समुद्राच्या पाण्यात तो पावणेसातच्या आसपासच मावतो, कारण क्षार वाढले की वायूला जागा कमी पडते. सांडपाणी कुजवणारे जिवाणू त्यातलाच प्राणवायू वापरतात. तो चारच्या खाली गेला की माशांची तगमग सुरू होते आणि दोनच्या खाली बहुतेक मासे पळतात किंवा मरतात. शहरालगतच्या खाडीत भरती ताजे पाणी आणते म्हणून थोडी सोय होते. सुकतीला काळा चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे चिखलात प्राणवायू संपल्याचा. हा वास निरोगी खारफुटीच्या चिखलातही येतो, त्यामुळे एवढ्यावरून प्रदूषण ठरवू नये. उलट चूक रोहित पक्ष्यांबाबत होते. ठाण्याच्या खाडीत ते हजारोंनी उतरतात, म्हणून पाणी शुद्ध असे लोक समजतात. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर शेवाळ माजते आणि लहान जातीचे रोहित ते शेवाळच खातात. या खाडीत २०१५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

जी खारटाची चढउतार सोसते तीच जात खाडीत टिकते. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानाची खालची बाजू जिभेला लावली तर खारट लागते, कारण ते झाड नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकते. त्याची पेन्सिलीसारखी श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखा कोंब होऊन खाली पडते. निवटी हा लहान मासा कल्ल्यांत पाणी साठवून चिखलावर उड्या मारतो. जिताडा मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्ले मात्र खाडीने आत चढून तळ्या-खाचरांत वाढतात. हा मासा आयुष्य नर म्हणून सुरू करतो आणि काही वर्षांनी मादी होतो.

माणसाने खाडीचे गणित मोठ्या प्रमाणात बदलले ते दाभोळला. कोयनेचे पाणी वीज तयार करून वाशिष्ठीत सोडले जाते, म्हणून इतर खाड्या खारट होतात त्या उन्हाळ्यातही तिथे वरून गोडे पाणी येत राहते. बांध घालून खाडीच्या काठची जमीन काढण्याची पद्धत याहून फार जुनी. अलिबाग-पेणकडे तिला खार म्हणतात, गोव्यात खाजन. बांधातल्या दाराला रायगडात उघाडी आणि गोव्यात मानस म्हणतात. भरतीचे पाणी दार आपोआप बंद करते आणि ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. उधाणाने बांधाला खांड पडली आणि ती वेळेत बुजवली नाही, तर एका हंगामात भाताची जमीन खारावते. ती धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात, आणि तोवर खाचरात तिवराची रोपे कुणी न लावता उभी राहिलेली असतात.