किरणोत्सव (कोल्हापूर)

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात वर्षातून दोनदा मावळतीची किरणे थेट देवीच्या मूर्तीवर पडतात, तो सोहळा. रूढ तारखा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. किरणे महाद्वारातून शिरतात आणि गरुड मंडप, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगितला जातो.

सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी मावळतीची जागा क्षितिजावर सरकत राहते. किरणोत्सवाच्या दिवसांत सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमकी वर आकाशात कल्पिलेली रेषा) सुमारे १७ अंश दक्षिणेला असतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर (१६.७ अंश उत्तर) तो तेव्हा पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे मंदिराला पश्चिमाभिमुख म्हणतात ते ढोबळ अर्थाने. दारे आणि गाभारा ज्या रेषेत आहेत, ती रेषाही तेवढीच कललेली असली पाहिजे.

वर्षातून दोनदाच का, याचे उत्तर कॅलेंडरवर मोजून मिळते. सूर्य सर्वांत दक्षिणेला पोहोचून परत फिरतो तो २१ डिसेंबरच्या आसपास. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारीपर्यंत ४२ दिवस. दक्षिणेकडे जाताना सूर्य ज्या जागी मावळतो, त्याच जागी तो परतताना पुन्हा मावळतो. हे सारे सूर्यावर ठरते, चंद्राच्या तिथींवर नाही. म्हणून दिवाळी मागेपुढे होते, पण किरणोत्सवाच्या इंग्रजी तारखा फारशा हलत नाहीत.

सूर्य जसजसा खाली जातो, तसतशी किरणे आडवी होतात आणि प्रकाशाचा पट्टा मूर्तीवर वर चढतो. त्यामुळे शेवटची काही मिनिटेच मोलाची. ढग, धुके, हवेतली धूळ यांनी ती वाया जातात, इमारतींनीही जातात. किरणांच्या वाटेत ५०० मीटरवर १० मीटर उंचीचा अडथळा असला, तर क्षितिज एक अंशाहून थोडे अधिक वर उचलले जाते आणि सूर्य सुमारे पाच मिनिटे आधीच झाकला जातो.

खरी गंमत चरण-छाती-मुख या क्रमात आहे. नोव्हेंबरात सूर्य रोज दक्षिणेकडे सरकत असतो, त्यामुळे मंदिराच्या रेषेवर तो दररोज जवळजवळ एक अंश खाली येऊन पोहोचतो. पट्टा आदल्या दिवसापेक्षा वर जायला हवा. क्रम जुळतो. फेब्रुवारीत मात्र सूर्य उत्तरेकडे निघालेला असतो. निव्वळ भूमितीने तेव्हा क्रम उलटा हवा, पण सांगितला जातो तो तोच. शाळेतल्या मुलांना हा प्रश्न जरूर द्यावा. उत्तरासाठी पट्टा कोणत्या वेळी किती उंचीवर होता, त्या संध्याकाळी आकाश कसे होते, याच्या नोंदी दोन्ही मोसमांत आणि काही वर्षे सलग लागतील. एकाच फेब्रुवारीवरून निवाडा करता येणार नाही.