पदन्यास आणि कंबरेची चाल (इजिप्शियन लोकनृत्य)

सईदी, गवाझी, हगाला अशा इजिप्शियन लोकनृत्यांत पाऊल टाकण्याची रीत आणि तिच्याबरोबर होणारी कंबरेची हालचाल यांची पक्की जोडी असते. जगभर या नृत्यांना सरसकट ‘बेली डान्स’ म्हणतात. ‘पोटाचे नृत्य’ या अर्थाच्या फ्रेंच नावावरून हा शब्द रूढ झाला. इजिप्तमध्ये मात्र रंगमंचावरच्या प्रकाराला ‘रक्स शर्की’ म्हणजे पूर्वेकडचे नृत्य, आणि घरात, लग्नात, गल्लीत होणाऱ्या प्रकाराला ‘रक्स बलदी’ म्हणजे आपल्या मातीतले नृत्य म्हणतात. पोटाच्या वाट्याला नाव आले, पण राबतात ते पाऊल, गुडघा आणि खुबा.

नवशिका आधी कंबर हलवू पाहतो आणि तिथेच फसतो. दोन्ही गुडघे किंचित सैल ठेवून उभे राहावे आणि उजवा गुडघा सरळ करावा. उजवा खुबा आपोआप वर जातो. मग उजवा सैल सोडून डावा सरळ करावा. हेच भराभर केले की कंबरेला जी थरथर सुटते तिला ‘शिमी’ म्हणतात. कमरेचे स्नायू यात फारसे खर्ची पडत नाहीत. गुडघे ताठ धरून कंबर झटकणाऱ्याची पाठ मात्र लवकर बोलू लागते.

चालता चालता शिमी करायची तर हिशेब बदलतो. उजवे पाऊल टाकताना उजवा खुबा वर, लगेच डावा, पुन्हा उजवा आणि क्षणभर थांबा. मग डावे पाऊल, आणि तेच उलट. चार मात्रांतल्या तीन हालचालींच्या आणि एक रिकामी. ती रिकामी मात्रा भरून टाकण्याचा मोह आवरला तरच चाल डौलदार दिसते. दुसरा मूळ बंध खुबा खाली सोडण्याचा. एका पायावर वजन द्यायचे, दुसऱ्या पायाचा नुसता चवडा जमिनीला टेकवायचा, गुडघा सरळ करून खुबा उचलायचा आणि ठेक्यावर सोडून द्यायचा. सोडतानाच मोकळे पाऊल पुढे हलकेच झटकले की त्याच बंधाला चालीची लय येते. लोकनृत्यातले पुष्कळसे जोडकाम या दोन बंधांवर आणि पाऊल जमिनीवर कसे पडते यावर उभे आहे.

इथे मराठी वाचकाला लावणी आठवेल, आणि फरकही त्यातूनच चटकन कळेल. लावणीत पाऊल वाजते, कारण पायात चाळ असतात आणि ढोलकीला उत्तर पायाने द्यायचे असते. इजिप्तमध्ये पाऊल बहुधा मुके असते. आवाज बोटांत अडकवलेल्या ‘सगात’ या छोट्या झांजांचा, आणि तालाला उत्तर देते ती कंबर. आणखी एक गोंधळ टाळायला हवा : इजिप्तमधला ‘तबला’ म्हणजे मांडीवर आडवा धरून वाजवायचे, एकाच तोंडाचे, सुरईच्या आकाराचे वाद्य.

सईदी. ‘सईद’ म्हणजे नाईलच्या वरच्या अंगाचा, दक्षिणेकडचा इजिप्त. तिथल्या पुरुषांचा ‘तहतीब’ हा काठीचा खेळ युनेस्कोने 2016 साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. बायकांचे ‘रक्स अल-असाया’ ही त्याची लाडिक नक्कल : काठी तीच, पण वार करण्याऐवजी ती फिरवायची, खांद्यावर टेकवायची, कधी डोक्यावर तोलायची. साथीला मिझमार हे सनईच्या जातीचे कर्कश वाद्य, रबाबा हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आणि काठ्यांनी बडवायचा मोठा ढोल, तब्ल बलदी.

या नृत्याचे मर्म तालात आहे. ‘दुम’ ही जड थाप, ‘तक’ ही हलकी. शहरी मकसूम ठेका ‘दुम तक, तक दुम, तक’ असा जातो. सईदीत मधला एकच ‘तक’ बदलून ‘दुम’ होतो : ‘दुम तक, दुम दुम, तक’. बदल एका थापेचा, पण मध्ये शेजारी शेजारी आलेले दोन जड ‘दुम’ सगळे शरीर खाली ओढतात. म्हणून सईदीत पूर्ण तळवा जमिनीवर येतो, गुडघे वाकलेले राहतात, आणि खुबा त्या जोडठोक्यावर दोनदा खाली येतो. त्याच्या जोडीला एक उडी असते. आधाराच्या पायावर छोटी उसळी घ्यायची आणि दुसरा गुडघा पुढे उचलायचा. सईदमध्ये मिझमारच्या सुरावर घोडे नाचवण्याची रीत आहे. ही उसळी त्या घोड्यांची चाल आहे. उसळी उंच गेली की सईदीपण गेले. वजन खाली आणि पाऊल वर, ही ओढाताण दिसली पाहिजे. अंगात गलाबिया हा पायघोळ, सैल झगा असतो, त्यामुळे खुबा कुठे आहे ते दिसावे म्हणून त्याच्यावरून कंबरेला रुमाल बांधतात.

गवाझी. धंदा म्हणून रस्त्यावर, जत्रेत, लग्नात नाचणाऱ्या या स्त्रिया. इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याने 1834 साली त्यांना कैरोतून हुसकावले आणि त्या इस्ना, किना, अस्वान या दक्षिणेकडच्या गावांत गेल्या. फ्रेंच लेखक फ्लोबेरला कुचुक हानेम ही नर्तकी 1850 मध्ये भेटली ती इस्नामध्येच. अलीकडच्या काळात या परंपरेचे नाव राहिले ते लुक्सरच्या ‘बनात माझिन’ या बहिणींमुळे. त्यांतली खैरिया सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या नाचात रचनेची कलाकुसर कमी आणि दम जास्त. कंबर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला अखंड हलत राहते, पावले जमिनीलगत झपाझप पडतात, हातात सगात. घागऱ्यावर मण्यांच्या झालरी असतात आणि त्या आडव्या हेलकाव्यांनी दुप्पट हलतात. रंगमंचाची सवय झालेल्या डोळ्याला हे एकसुरी वाटते. पण ती कंबर अर्धा तास न थकता, न अडखळता चालते, हे लक्षात घेतले की मत बदलते.

रेदा आणि रंगमंच. आज कैरोपासून टोकियोपर्यंतच्या वर्गांत ‘इजिप्शियन लोकनृत्य’ म्हणून जे शिकवले जाते त्यातले बरेचसे महमूद रेदा (1930–2020) यांच्या हातचे आहे. मुळात ते जिम्नॅस्ट; 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इजिप्तकडून उतरले होते. भाऊ अली रेदा आणि नर्तकी फरीदा फहमी यांच्यासह त्यांनी 1959 मध्ये ‘फिर्कत रेदा’ हा संच काढला, आणि पुढे सरकारने तो आपल्याकडे घेतला. रेदांनी गावोगाव फिरून नाच पाहिले, पण ते जसेच्या तसे मंचावर आणले नाहीत. बॅलेची ताठ पाठ, लांब पल्ल्याची पावले, चवड्यावर उंचावणे आणि रांगांची रचना त्यांनी त्यात मिसळली. बदिया मसाबनी या नर्तकीच्या कैरोतल्या रंगमहालात 1926 पासून रक्स शर्कीची पावले चवड्यावर चढू लागली होती. रेदांनी लोकनृत्यालाही ती सवय लावली. ‘मेलाया लेफ’ हा प्रकार तर त्यांनीच घडवला. मेलाया म्हणजे शहरातल्या बायका अंगाभोवती लपेटायच्या ती काळी चादर. तिचा स्वतंत्र नाच पूर्वी नव्हताच. याला कुणी भेसळ म्हणतात. रेदांनी स्वतः आपल्या कामाला अस्सल लोकनृत्य कधी म्हटले नाही, ते लोकनृत्यावर आधारलेले रंगनृत्य होते, आणि तसे पाहिले तर तक्रारीला जागा उरत नाही.

हगाला. पश्चिम वाळवंटात मर्सा मत्रूहच्या आसपास अवलाद अली या बेदुईन (वाळवंटी अरब) जमातीत लग्नप्रसंगी पुरुष रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत गातात आणि त्यांच्यासमोर एक स्त्री चेहरा झाकून नाचते. तिची पावले लहान, जागा थोडी, बोलते ती फक्त कंबर. नृत्यवर्गांतली ‘हगाला चाल’ यावरून बेतली आहे : एक पाऊल पूर्ण टेकवायचे, दुसरे चवड्यावर, चवड्यावर वजन येताना त्या बाजूचा खुबा वर जातो, तळवा टेकताना खाली येतो. एक पाय लांब आणि एक आखूड असल्यासारखी ही चाल सगळ्या मंचभर फिरवता येते, म्हणूनच ती नृत्यरचनाकारांच्या पसंतीस उतरली. मूळ हगालात बाई इतकी फिरत नाही.

सुएझ कालव्याची शहरे. पोर्ट सईद, इस्माइलिया आणि सुएझ इथे सिमसिमिया या तंतुवाद्यावर होणाऱ्या नाचात पारडे उलटे फिरते. जहाजांना होडीतून माल विकणाऱ्या ‘बंबुती’ फेरीवाल्यांच्या हालचाली त्यात आहेत : वल्हे मारणे, दोर ओढणे, गिऱ्हाइकाला हाका घालणे. इथे पाय चपळ, टाचा आणि चवडे आत-बाहेर वळवत सरकणारे. कंबर मात्र पावलांच्या मागोमाग जाईल तेवढीच. सईदी शिकून आलेल्या नर्तकीला सर्वांत जड जाते ते हेच, कारण तिच्या खुब्याला प्रत्येक ठोक्यावर काहीतरी करायची सवय लागलेली असते.