लवकर सुट्टी, पण कोणत्या गावाला?

पोटाचं मोठं ऑपरेशन म्हटलं की आदल्या रात्रीपासून उपास, नंतर नाकात नळी, हाताला सलाईन आणि 'गॅस पास' होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही, हीच अनेक वर्षांची रीत. तिला जोरदार धक्का दिला डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी, १९९०च्या दशकात. रुग्ण अंथरुणाला खिळतो तो फक्त चिऱ्यामुळे नाही. शस्त्रक्रियेचा शरीरावरचा ताण, वेदना आणि आपणच लादलेली उपासमारही त्याला खिळवते, हे त्यांचं म्हणणं. मग एकेक गोष्ट बदलत गेली: जेवण ६ तास आधी बंद, पण साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालेल, सलाईन मोजून, अफूवर्गीय वेदनाशामकं कमी, नळ्या शक्यतो नकोतच, लवकर खाणं, लवकर चालणं आणि त्यामुळे लवकर सुट्टी. २००१मध्ये युरोपातल्या सर्जनांचा अभ्यासगट जमला, २०१०मध्ये 'इरास सोसायटी' झाली ('इरास' म्हणजे 'एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी', शस्त्रक्रियेनंतर लवकर बरं करण्याची ही पद्धत). सुरुवात मोठ्या आतड्यापासून झाली. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्या विदर्भाला जवळचा असलेला डोकं-मान कर्करोग 'इरास'च्या शिफारशींत २०१७मध्ये आला.

कोरोनाने या पद्धतीचं प्रयोजनच बदललं. तेव्हा खाट लवकर मोकळी करणं आणि रुग्णाला वॉर्डातल्या संसर्गापासून दूर नेणं, दोन्ही निकडीचं झालं. मे २०२०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २४ देशांतल्या, शस्त्रक्रियेच्या आसपास कोरोना झालेल्या ११२८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतले जवळपास २४ टक्के ३० दिवसांत दगावले होते. पण कर्करोगाची गाठ थांबत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ शस्त्रक्रिया केल्या, एकही मृत्यू न होता. (याचं श्रेय एकट्या 'इरास'ला देऊ नये.)

नागपूरची अडचण वेगळी. इथे गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याचे रुग्ण येतात आणि तेव्हा एसटी बंद, जिल्हा ओलांडायला ई-पास. आतड्याचा कापून शिवलेला जोड गळायला लागला तर ते बहुधा काही दिवसांनी कळतं. तोवर सुट्टी झालेला माणूस तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या भामरागडला पोहोचलेला असेल, तर परत आणायचा कसा? लवकर खाणं-चालणं इथे कुठल्याही वॉर्डात जमतं. लवकर घरी पाठवणं मात्र गाव विचारूनच ठरवावं लागतं. टेलिमेडिसिनची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं लॉकडाऊन सुरू झालं त्याच दिवशी, २५ मार्च २०२०ला आली. त्यामुळे फोनवरून चौकशी करणं रीतसर झालं, तरी पोट दाबून पाहायला कुणीतरी जवळ लागतंच.